पुढचं पाणी

तळं रिकामं करणार ही बातमी आधी कुणाला खरीच वाटेना. "तळं म्हणजे काय बादली आहे, कलंडली की झालं?" सुतार म्हणाला. पण बांधाची दारं गंजून गेली होती आणि ती बदलायची तर पाणी सोडून देण्यावाचून गत्यंतर नव्हतं. एका सकाळी दारं वर उचलली गेली. फार मोठा आवाजही झाला नाही. झोपेतल्या माणसानं कूस बदलत बदलत पलंगाच्या कडेला जावं, तसं तळं रोज थोडं थोडं सरकू लागलं.

सुकाणूचे बाबा त्याच्या मागोमाग जात राहिले. कालचा खुंटा आज कोरड्यात उभा असायचा. तो उपटायचा, नाव ढकलत पाण्यापर्यंत न्यायची, नवा खुंटा ठोकायचा. म्हाताऱ्या उतारूंना पाठीवर घेऊन चिखलातून नावेपर्यंत आणायचं. एक दिवस ते खुंटा ठोकून वळले तेव्हा नाव एका कुशीवर कललेली होती आणि वल्हं कुठंही टेकवलं तरी तळच लागत होता. मग ते वल्ही खांद्यावर टाकून घरी आले.

"आलात?" जाळं विणणारी सुई न थांबवता आईनं विचारलं.

"आलो."

"आणि नाव?"

"तिला कुठं जायचंय आता."

सुकाणू हे मुलीचं नाव नव्हतं, पण दुसऱ्या नावानं तिला कुणी हाक मारत नसे. नाव वल्हवणारा माणूस जायच्या दिशेला पाठ करून बसतो. समोर दिसतो तो सोडलेला काठ. पुढं खडक आहे की गाळ, दुसरी नाव आडवी येतेय की काय, हे त्याला दिसत नाही. म्हणून चालता येऊ लागल्यापासून ती नावेच्या मागच्या टोकाला, बाबांच्या समोर, उतारूंच्या पायांत बसायची आणि त्यांच्या खांद्यावरून पुढं बघून सांगायची. ती "डावं" म्हणाली की बाबा डाव्या हाताचं वल्हं जोरात ओढत. तिचं डावं एकीकडे आणि त्यांचं डावं दुसरीकडे, तरी नाव बरोबर वळायची. कसं, ते दोघांनाही नीट सांगता आलं नसतं.

आता दोघं रोज चालत नावेपाशी जात. उन्हात वाळून लाकूड फाकू नये म्हणून बाबा तिला जवसाचं तेल पाजत, वर ओली पोती टाकत. आजारी जनावराची करावी तशी तिची उस्तवार चालली होती.

"तेल नावेला आणि जेवण कोरडं," आई म्हणायची. "मरू दे मेली. सुतार लाकडाच्या भावानं घ्यायला तयार आहे."

"पाणी आल्यावर?"

"पाणी येईल तेव्हा येईल. बांधावरून रस्ता करतायत, ऐकलं नाही का तुम्ही? कोण बसणार आहे तुमच्या नावेत? हवा खायला?"

बाबांनी ऐकलं होतं. ते बोटांना लागलेलं तेल पायांच्या भेगांना चोळत बसले.

तळ उघडा पडला तसा गाळ काढायचं काम निघालं. बाबा तिथं टोपली उचलायला लागले. मुकादम जिभेचा तिखट होता. "या नावाडीबुवा! आज चालत पलीकडे का?" असं तो पहिल्या दिवशी म्हणाला, सगळे हसले, आणि मग रोज तेच म्हणायचा ठेका धरून बसला. पूर्वीचे उतारूही तळातून पायवाट पाडून पलीकडे जात. जाता जाता कुणी म्हणे, "आज फुकट हं!" बाबा डोक्यावरची टोपली सावरून हसत. मान हलवता येत नसे, म्हणून ते हसणं नुसतं डोळ्यांपुरतं असे.

सुकाणू दुपारी त्यांचं जेवण घेऊन जायची. तिला ते गर्दीत लगेच ओळखू यायचे. बाकीचे लोक खड्डा खणत. बाबा खणता खणता थांबत. फावड्यानं कापलेल्या गाळाच्या भिंतीकडे बघत राहत. वर राखाडी, भेगाळलेली साय. तिच्याखाली ओला काळा थर, काजळासारखा. मग शेवाळी, मग एक पिवळट पट्टा, आणि जुन्या ओढ्याच्या तोंडाशी गेलं की विटेसारखा तांबडा.

"बाबा, काय बघताय?"

"इतकी वर्षं ह्याच्यावरून गेलो," ते म्हणाले. "खाली हे सगळं होतं, आणि वरून पाणी नुसतं एकाच रंगाचं वाटायचं. नाही गं?"

"एकाच नव्हतं वाटत," ती म्हणाली. पण मुकादमानं हाक मारली आणि ते बोलणं तिथंच राहिलं.

त्या दिवसापासून ते येताना एकेका थराचं ढेकूळ फडक्यात बांधून आणू लागले. मागच्या अंगणात वाळत घालायचे. मग पाट्यावर वाटायचे, आणि नावेसाठी आणलेल्या जवसाच्या तेलात कालवायचे. पहिल्यांदा पाट्यावर तो काळा लगदा बघून आईनं कपाळाला हात लावला.

"अहो, हा वाटणाचा पाटा आहे! उद्या ताटात गाळ वाढू का?"

"धुऊन ठेवतो."

"धुऊन कशानं? पाणी लांबून आणते मी!"

त्यांनी पाटा चिंध्यांनी घासून घासून पुसला, तरी महिनाभर घरातल्या जेवणाला तळ्याचा वास येत होता. सुकाणूला तो आवडायचा. ती तसं म्हणाली नाही, एवढंच.

तेलात कालवलेला गाळ त्यांनी आधी दाराला फासला, लाकडाला वाळवी लागू नये म्हणून, असं सांगून. मग दारावर एक आडवी रेघ आली. रेघेखाली पाणी आलं. काही दिवसांत मागच्या दाराचं तळंच झालं, आणि आई त्यातून दर सकाळी भांडी घेऊन आत-बाहेर करू लागली. ती दार लावायची तेव्हा तळं यायचं, उघडायची तेव्हा जायचं. एकदा सुकाणूनं बघितलं, आई कडीवर हात ठेवून नुसती उभी होती. चाहूल लागली तशी म्हणाली, "तेल वाळत नाही अजून. हाताला लागतंय."

मामा आला तो अशाच एका दिवशी. लांबच्या दगडखाणीवर तो तिथल्या मुकादमाच्या हाताखाली होता. त्यानं दाराकडे बघितलं, मग बाबांकडे बघितलं.

"भाऊजी, हे काय?"

"तळं."

"ते दिसतंय. पण हे काय?"

बाबांनी चहा पुढं केला. मामानं चहा संपवला आणि कामाचं बोलायला घेतलं. खाणीवर माणसं हवी होती, राहायला पत्र्याची खोली होती. "महिनाअखेरीला खाणीचा ट्रक इकडून जाईल. सामान बांधून ठेवा. ताई, तू सांग ह्यांना. नाव विका, दार विका, काय विकायचं ते विका."

"तिथं तळं आहे का मामा?" सुकाणूनं विचारलं.

"धूळ आहे. पोहायला येतं का धुळीत?"

आई हसली, मग हसू आवरलं. त्या दिवशी ठरलं, की ट्रक येईपर्यंत दुसरं काही जमलं तर ठीक, नाहीतर जायचं. 'दुसरं काही' म्हणजे काय ते कुणी बोललं नाही. घरात दुसरं काही नव्हतंच.

गाळाचं काम संपत आलं होतं. बाबांनी रस्त्यावरच्या खानावळीत चुना मारायचं काम धरलं. खानावळवाली मावशी आडव्या अंगाची, बसल्या जागेवरून सगळ्या टेबलांवर हुकूम सोडणारी बाई होती. तिच्या खानावळीची खरी मिळकत म्हणजे तळ्याकडची लांबलचक खिडकी. ड्रायव्हर लोक मैलभर आधीपासून भूक धरून ठेवत ते त्या खिडकीशी बसायला. आता खिडकीतून भेगाळलेली जमीन दिसायची आणि धूळ आत यायची. मावशीनं वैतागून खिडकी बाहेरून फळ्या ठोकून बंद करून टाकली होती, आतून विटा लावून गिलावा केला होता.

चुना वाळला की पांढरा होतो. ओला असताना तो राखाडी, जवळजवळ पाण्यासारखा दिसतो. बाबांनी त्या नव्या गिलाव्यावर पहिला हात मारला आणि कुंचला तसाच धरून मागे सरकले. भिंत ओली होती तेवढा वेळ तिथं तळं होतं. मग ते हळूहळू वाळून गेलं.

मावशीनंही ते बघितलं असणार.

"अरे नावाड्या," ती म्हणाली, "तू म्हणे घराच्या दारावर काहीतरी केलंयस. सुतार सांगत होता."

"असंच आपलं."

"असंच आपलं माझ्या भिंतीवर कर. माझं तळं मला आणून दे परत. जमलं तर पुढं बघू, रस्त्यावर माझ्या बहिणीची खानावळ आहे, दिराचा दवाखाना आहे. नाही जमलं तर वरून चुना मार आणि जा तुझ्या खाणीवर."

बाबांनी भिंत मन लावून रंगवली. सकाळी खानावळ उघडायच्या आधी जायचे, दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की पुन्हा. सुकाणू गाळाच्या वाट्या धरून उभी राहायची. तळहाताची कड, चिंधी, सुतळीचा बोळा, आईची जाळ्याची मोडकी सुई, जे हाताला येईल त्यानं ते पाणी काढत. काठ आला, काठावरची झाडं आली, कपडे धोपटण्याचे दगड आले, माणसं आली. चित्र पुरं झालं तेव्हा खानावळीतला पोऱ्या थाळ्या घेऊन चालता चालता क्षणभर पाय उचलून टाकायला लागला, जणू ओल लागेल.

सगळे म्हणाले, अगदी तसंच आहे. आणि तरी काहीतरी बिनसलं.

मावशीनं आठवडाभर वाट बघितली. मग बाबांना बोलावून समोर बसवलं.

"हे बघ, चित्र चांगलं आहे. मला कळत नाही पण चांगलं असणार. फक्त माझी गिऱ्हाईकं घास हातात धरून बसतात रे. खातच नाहीत. तो मोठ्या मिशांचा ड्रायव्हर आहे ना, तो काल रडला. त्याला आई आठवली म्हणे. त्याची आई आहे की धडधाकट! आणि मिशा पुसत निघून गेला, अर्धं ताट टाकून."

"मग काय करू?"

"मला काय माहीत? खानावळीत माणसाला वाटलं पाहिजे, की चला, पोचलो एकदाचे. तुझ्या भिंतीपुढं बसलं की वाटतं, निघायची वेळ झाली." तिनं पदरानं वारा घेतला. "दुरुस्त होत असेल तर कर. होत नसेल तर चुना आहे."

ट्रक यायला थोडेच दिवस उरले होते. घरी आईनं जाळी गुंडाळून बांधली होती, भांडी पोत्यात भरली होती. फक्त पाटा तेवढा बाहेर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाप-लेक बंद खानावळीत भिंतीसमोर उभे राहिले. बाबांच्या हातात चुन्याची बादली होती. त्यांनी ती खाली ठेवली, पुन्हा उचलली.

"चूक कुठं आहे तेच सापडत नाही," ते म्हणाले. "झाडं मोजून काढलीत. दगडसुद्धा तेच. डोळे मिटले की मला असंच दिसतं."

सुकाणू बाकावर चढून बसली होती, नावेत बसायची तशी, पाय पोटाशी घेऊन. ती भिंतीकडे बघत होती. काठ दूर, माणसं इकडे तोंड करून उभी, एकीचा हात अर्धा वर. आणि जवळून निघून काठाकडे रुंद होत जाणारी, पाण्यावरची ती दुभंगलेली रेघ.

"बाबा," ती म्हणाली, "हे मागचं पाणी आहे."

"म्हणजे?"

"नाव गेल्यावर मागे राहतं ते. फाटलेलं. माझ्या पाठीमागचं. तुम्ही सगळं माझ्या पाठीमागचं काढलंय. लोक उभे राहून बघतायत, आपण चाललोय."

बाबा बादली घेऊन तसेच उभे होते.

"पुढचं पाणी असं नसतं," ती म्हणाली.

"पुढचं पाणी कसं असतं?"

त्यांनी हे इतक्या साधेपणानं विचारलं, की तिला आधी वाटलं थट्टा करतायत. मग तिच्या लक्षात आलं. तिच्या बाबांनी हयातभर लोकांना ह्या काठावरून त्या काठावर पोचवलं होतं, आणि एकही काठ जवळ येताना पाहिलेला नव्हता. नाव टेकली की धक्का बसायचा, ते उठायचे, वळायचे, तेव्हा काठ आलेलाच असायचा. ह्या काठाचं आणि त्या काठाचं, दोन्हींचं त्यांना ठाऊक होतं ते फक्त लहान होत जाणं.

"बसा ना," ती म्हणाली. "असे नाही. बसता तसे."

बाबांनी तेलाचा रिकामा डबा उपडा घातला आणि भिंतीला पाठ करून, तिच्याकडे तोंड करून बसले. हात आपसूक गुडघ्यांवर आले, मुठी वळल्या. ती त्यांच्या खांद्यावरून भिंतीकडे बघू लागली. भिंतीवरचं चित्र तिनं नजरेनं पुसून टाकलं.

"आधी काहीच नसतं," ती म्हणाली. "सगळं सपाट. कुणी हात न लावलेलं. गिलावा करून ठेवल्यासारखं."

"रंग?"

"रंग नाही. उजेड असतो. मग एक काळी रेघ येते, भुवईएवढी. ती बराच वेळ तेवढीच राहते. वाटतं, आपण हलतच नाही."

बाबांचे हात हलू लागले होते. पुढं, मागं. त्यांना ते कळत नव्हतं.

"मग रेघेची झाडं होतात. एकदम नाही. आधी जांभळाचं, ते उंच आहे म्हणून. मग धूर. धूर दिसायच्या आधी वास येतो. मग कपडे दिसतात, वाळत घातलेले. माणसं नाही, आधी कपडेच. मग कुत्रा भुंकतो तो ऐकू येतो, आणि तोंड हललेलं नंतर दिसतं..."

"हळू," बाबा म्हणाले. "हळू आण."

ती हळू सांगू लागली. बंद खानावळीत फटीतून उन्हाची पट्टी आली होती आणि तिच्यात धूळ तरंगत होती. तो डबा, ते वल्हवणारे रिकामे हात, सगळं संथ एका बाजूला सरकत असल्यासारखं वाटत होतं. मध्येच बाबा उठत, भिंतीकडे जात, ओल्या चुन्यानं मागचं पाणी झाकत आणि त्यावर नवं काढत. मग पुन्हा येऊन पाठ करून बसत. बघून काढता येत नाही म्हणाले. पाठीला कळलं पाहिजे.

पाणी झालं, झाडं झाली. पण काठाशी येऊन काम अडलं. तिथं काय असतं ते सुकाणूला सांगता येईना. तिच्यासाठी तो रोजचाच काठ होता. नाव टेकायच्या आधीच ती उडी मारून मोकळी व्हायची.

दारात आई उभी होती. जेवणाचा डबा घेऊन कधी आली ते कळलं नव्हतं. ती आत आली, डबा टेबलावर ठेवला आणि सुकाणूला म्हणाली, "सरक."

ती बाकावर बसली. नवऱ्याच्या समोर. त्याच्या खांद्यावरून भिंतीकडे बघितलं.

"मी पहिल्यांदा आले ह्या काठाला तेव्हा तुमच्याच नावेतून आले," ती म्हणाली. "लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. तुम्ही वल्हवत होतात आणि माझ्याकडे बघत होतात."

"दुसरीकडे कुठं बघणार? समोर तूच होतीस."

"मला धड वरही बघता येईना. म्हणून मी तुमच्या खांद्यावरून लांब बघत बसले. मनात म्हटलं, हा माणूस मला नेतोय कुठं? एकदा तरी वळून बघेल, तर नाही! ह्याला तरी माहितीये का पुढं काय आहे?"

सुकाणू हसली. बाबा हसले नाहीत.

"मग?"

"मग ते घर दिसलं. एवढंसं, वाळत टाकलेल्या रुमालासारखं. मला वाटलं कुणाचंतरी असेल. दार उघडं होतं. आत अंधार. आणि दारात कुणीच नव्हतं." तिनं डब्याचं झाकण उघडलं, पुन्हा बसवलं. "सगळ्यांच्या दारांत माणसं होती, त्या एका घराच्या नव्हती. जवळ येत गेलं तसं ते उघडं दार मोठं होत गेलं. तेव्हा समजलं, हेच आपलं. तिथं कुणी उभं राहायचं बाकी आहे, ती मीच."

बाबांचे वल्हवणारे हात थांबले.

"हे कधी सांगितलं नाहीस," बाबा म्हणाले.

"कधी विचारलंत?" ती उठली. "जेवून घ्या. गार होतंय."

बाबांनी काठावरची सगळी माणसं पुसून टाकली. तिथं एक घर काढलं, नखाएवढं, आणि त्याला उघडं दार. दारासाठी त्यांनी सायीखालचा ओला काळा थर वापरला, काजळासारखा. दारात कुणी काढलं नाही.

ट्रक आला त्या दुपारी खानावळ भरलेली होती. मामा आत डोकावला, भाऊजींना शोधत. मोठ्या मिशांचा ड्रायव्हर भिंतीसमोर बसून दुसऱ्यांदा ताट भरून घेत होता. मामा त्याच्या शेजारी टेकला. मावशीनं त्याच्यापुढं न विचारता थाळी सरकवली. तोंडात घास आणि डोळे भिंतीवर, असा तो जेवला. हात धुऊन बाहेर आला आणि बहिणीला म्हणाला, "ताई, ट्रकला उशीर होतोय. येताय का?"

आईनं मावशीकडे बघितलं. मावशी गल्ल्यावरून ओरडली, "कुठं चाललात? माझ्या बहिणीकडची भिंत काय तुझा मामा रंगवणार?"

"मी तिचा मामा," मामा सुकाणूकडे बोट दाखवून म्हणाला.

"तेच म्हणतेय मी!"

ट्रक गेला. आईनं घरी जाऊन पोत्यातली भांडी बाहेर काढली. पाटा मात्र अंगणातच ठेवला. स्वतःसाठी दुसरा मागून आणला.

नव्या दारांआड तळं पुन्हा भरलं, तसंच न बोलता. नाव एका सकाळी आपोआप सरळ झाली आणि तरंगली. पण बांधावरून डांबरी रस्ता झाला होता, आणि काठावरून कुणी "हो नावाडी!" अशी हाक मारली नाही. बाबा सुरुवातीला वाट बघत बसायचे. मग वाट बघता बघता फळ्यांवर काढायचे. मग वाट बघायचे राहिले.

त्यांच्याकडे लोक येत ते आपापल्या भिंती घेऊन. बहिणीची खानावळ, दवाखान्यातला बाकांचा पॅसेज, गाड्यांचा थांबा, पुढं एका मोठ्या शहरातली चित्रांची दालनं. त्यांची रीत मात्र तीच राहिली. चित्र मागणाऱ्याला ते समोर बसवत, स्वतः फळीला पाठ करत आणि विचारत, "पोचताना काय दिसतं? आधी काय दिसतं? हळू सांगा." लोक सुरुवातीला संकोचत. मग सांगू लागत, आणि सांगता सांगता त्यांचे आवाज बदलत. कुणी तुरुंगातून घरी आलेला असे, कुणी बाळंतपणाहून, कुणी नुसताच कामावरून. बाबांचे हात पुढं-मागं होत राहत.

एकदा अनोळखी माणसानं दारात येऊन विचारलं, "नावाडी इथंच राहतात का?"

"नावाडी नाही," आई आतून म्हणाली. "चित्रकार राहतात. झोपलेत. थोडं थांबा." आणि भांडी जरा जास्तच वाजवली.

सुकाणू शिकली, शहरात गेली, पुस्तकांच्या कामात रमली. तिच्या खोलीत बाबांचं एकच चित्र होतं. त्यात काहीच नव्हतं. सपाट उजेड आणि भुवईएवढी रेघ.

थंडी संपता संपता आईचा फोन आला. बाबांना दम पुरत नव्हता. डॉक्टरनं घरी न्या म्हणून सांगितलं होतं, म्हणजे काय ते तिघांनाही कळलं होतं. ती गेली तेव्हा ते उशीला टेकून बसले होते. हात हलके झाले होते, वाळलेल्या चुन्यासारखे.

"नाव अजून आहे," ते म्हणाले.

"आहे ना."

"तेल पाजलंय मी पावसाळ्यानंतर. पाणी घ्यायची नाही." थोडा श्वास घेतला. "पलीकडे जाऊन येऊ."

आई घोंगडी आणायला आत गेली.

दुपारचं ऊन उतरलं होतं. सुकाणूनं आणि सुतारानं मिळून त्यांना नावेत नेलं. ते सवयीनं वल्ह्यांच्या फळीकडे वळले. तिनं त्यांचा कोपर धरून मागच्या टोकाला, तिच्या जागी, बसवलं. आईनं घोंगडी पायांवर टाकून कडा आत खोचल्या आणि ती परत काठावर गेली.

सुकाणू वल्ही धरून बसली. पुढच्या काठाला पाठ, बाबांकडे तोंड. वल्ही तिच्या हातांत पहिल्यांदाच आली होती. पहिले काही हात वाकडे गेले, मग नाव सुटली. बाबांच्या मागे काठ सरकू लागला. घर, उघडं दार, आणि दाराकडे न जाता पाण्याशीच उभी राहिलेली आई. तिनं हात वर केला नाही. बाबांच्या पाठीमागून पाण्यावरची ती रेघ निघाली आणि काठाकडे रुंद होत गेली. असं दिसतं होय हे, सुकाणूच्या मनात आलं. हे त्यांना रोज असं दिसत होतं.

बाबांनी मागे वळून बघितलं नाही. ते तिच्या खांद्यावरून लांब बघत होते, भुवया किंचित उचलून, लहान मुलासारखे.

"डावं," ते म्हणाले.

तिनं डाव्या हाताचं वल्हं ओढलं. नाव वळली.

"हां. आता सरळ."

आई आता रुमालाएवढी झाली होती. तळ्यावर दुसरं कुणी नव्हतं. वल्ह्यांवरून थेंब पडायचे, तेवढाच आवाज, आणि बाबांचा श्वास, कधी येणारा, कधी थांबून येणारा. सुकाणूला वळून बघावंसं वाटत होतं. ती वळली नाही.

"काय दिसतंय बाबा?"

त्यांच्या तोंडावर समोरून उजेड पडला होता. तिनं आणखी काही हात मारले, एकसारखे, संथ.

"सांगा ना."

"सांगतो, सांगतो," ते म्हणाले. "आधी जवळ तर येऊ दे."